शिष्टमंडळाच्या फोटोत बाई का नसते?

२१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरमध्ये जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली. देशभर गाजली ती पॉपकॉर्नवरच्या कराची थट्टा. त्याच बैठकीत आमच्या सांगली जिल्ह्याच्या कामाचं एक स्पष्टीकरण मात्र गुपचूप पार पडलं. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर आणि मिरीवर जीएसटी लागत नाही, एवढंच ते होतं. मजकूर दोन ओळींचा, पण तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात त्याचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

बेदाणा कसा होतो हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला तो कारखान्यातला माल वाटू शकतो. द्राक्षाचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे, शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरायचे, वारं आणि ऊन सांभाळत सुकवायचे, पिवळा माल हवा असेल तर गंधकाची धुरी द्यायची. मग देठ काढायचे, चाळायचे, काळा दाणा वेगळा करायचा, प्रत लावायची. ही सगळी शेतीचीच कामं आहेत, शेतकरीच ती आपल्या किंवा शेजाऱ्याच्या शेडवर करतो आणि यातली रसायनं म्हणजे ‘उद्योग’ नव्हे, हे दिल्लीतल्या कर अधिकाऱ्याला कुणीतरी कागदावर पटवून द्यावं लागतं. ते पटवून देणं हा आज एक पूर्ण वेळेचा व्यवसाय झाला आहे. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी ‘पब्लिक पॉलिसी’ किंवा ‘गव्हर्न्मेंट अफेअर्स’ नावाचा स्वतंत्र विभाग असतो आणि तिथल्या माणसांना चांगला पगार मिळतो.

आता बेदाणा निवडायला शेडवर कोण बसतं ते बघा. जवळजवळ सगळ्या बायका. आणि मंत्र्यांना भेटायला गेलेल्या शिष्टमंडळाचे फोटो बघा. पांढरे शर्ट, एखादा फेटा, पुष्पगुच्छ, कोपऱ्यात स्वीय सहायक. बाई असलीच तर ती ज्यांना निवेदन द्यायचं त्यांच्या बाजूला, अधिकारी म्हणून. आपल्या बाजूला नाही.

हा फोटो बदलायचा असेल तर ‘महिलांना संधी द्या’ एवढं म्हणून भागणार नाही. सरकारकडे आपलं म्हणणं मांडायची आपली सगळी पद्धत ओळखीवर उभी आहे. जोवर ती तशी आहे, तोवर या क्षेत्रात सामान्य घरातली मुलगी टिकणार नाही. आणि ती टिकली नाही तर नुकसान तिच्या एकटीचं नाही, बेदाण्याचं आहे, हळदीचं आहे, पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांचंही आहे.

आपल्याकडचं निवेदन सगळ्यांनी पाहिलेलं असतं. संस्थेचं लेटरहेड, ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’, दीड पान मजकूर, खाली सह्या. पालकमंत्री विश्रामगृहावर आलेले असतात. ते कागद हातात घेतात, कोपऱ्यात ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारतात आणि कागद स्वीय सहायकाच्या बॅगेत जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. त्या कागदात नियमाचा क्रमांक नसतो, कुठला शब्द बदलून काय घालायचं हे नसतं, तिजोरीवर किती भार पडेल याचा अंदाज नसतो. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याने त्यावर टिप्पणी लिहायची ठरवली तरी काय लिहायची? मग फाइल पडून राहते आणि आपण म्हणतो, सरकार शेतकऱ्याचं ऐकत नाही.

सातारा जिल्ह्यातलं एक उदाहरण जरा सविस्तर बघू. ३१ जुलै २०२४ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटातल्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. सहा राज्यं, ५६ हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र, हरकती आणि सूचनांसाठी ६० दिवस. पहिला मसुदा मार्च २०१४ मधला, म्हणजे हा विषय दहा वर्षं भिजत पडलेला. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या गावांना त्याची धास्ती, कारण बोलवा अशी की आता घराला एक वीटसुद्धा लावता येणार नाही. मसुदा वाचला तर दिसतं की बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, लाल यादीतले म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी उद्योग आणि मोठमोठी बांधकामं यांच्यावर. राहत्या घराच्या दुरुस्तीला मनाई नाही. आणि याच पाटण तालुक्यात २२ जुलै २०२१ ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींखाली माणसं गाडली गेली. डोंगर पोखरू नका हे सांगायला तिथल्या माणसांना कुठल्या समितीची गरज नाही.

अशा वेळी कामाची हरकत कशी असते? ‘आमचं गाव यादीतून वगळा’ ही एक ओळ नसते. गावाच्या कुठल्या गटांत वस्ती आहे, कुठल्या उतारावर भेगा पडल्यात, दगडखाणीची बंदी हवी पण गोठ्याला आणि होमस्टेला अडकाठी नको, त्यासाठी अमुक परिच्छेदात अमुक शब्द घाला, असं तिच्यात लिहिलेलं असतं. हे लिहायला कायदा वाचता यावा लागतो, सातबारा वाचता यावा लागतो आणि मुख्य म्हणजे गावातल्या बायांशी बोलता यावं लागतं, कारण पाणी कुठून झिरपतंय हे त्यांनाच आधी कळतं. ६० दिवसांत हे सगळं. हौशी कार्यकर्त्याने नोकरी सांभाळून रविवारी करायचं हे काम नव्हे.

सांगलीच्या पुराचंही तेच. या पुरासाठी ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं त्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिली आणि तेव्हापासून आपण सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट चढलं त्या भाषेत बोलतो, समोरचे मीटरमध्ये आणि विसर्गाच्या आकड्यांत बोलतात. आंदोलन हवंच, पण लवादाचा निवाडा पानापानांनी वाचलेलं माणूसही आपल्याकडे हवं.

हे काम आपल्या मुलींनी करावं असं म्हटलं की लगेच उत्तर येतं: मुली आहेत की राजकारणात, अर्ध्या जागा त्यांच्याच. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण दिलं, हे खरं. पण मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि कोर्टकज्जे चालू असताना वर्षामागून वर्षं प्रशासकाने कारभार केला. त्या काळात त्या अर्ध्या जागा होत्या कुठे? आणि आरक्षण नसलेल्या ठिकाणी काय होतं तेही बघा. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी २१ महिला निवडून आल्या. साताऱ्याचे आठ मतदारसंघ, सांगलीचे आठ. या सोळांतून किती? एकही नाही. ज्या भागाने प्रतिसरकार चालवलं, ज्या मातीतल्या यशवंतरावांच्या काळात जिल्हा परिषदांचा कायदा आला, तिथे ही अवस्था.

दुसरं उत्तर असतं स्पर्धा परीक्षांचं. कराड, विटा, फलटणच्या मुली पुण्याला जाऊन खोली घेतात, मेसचा डबा लावतात, चार-पाच वर्षं अभ्यास करतात. यशस्वी होणाऱ्या थोड्या. पण ज्या परतीच्या एसटीत बसतात त्यांनी राज्यघटना, अर्थसंकल्प, पंचायतराज, पाणीतंटे सगळं कोळून प्यायलेलं असतं. हे ज्ञान घेऊन त्या घरी येतात आणि एखाद्या खासगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर लागतात. माझ्या वर्गात बसून गेलेल्या मुलींत अशा कितीतरी आहेत. सरकार आतून कसं चालतं हे कळलेली इतकी माणसं जिल्ह्यात आहेत आणि ते ज्ञान सरकारच्या बाहेर बसून वापरायची एकही पगारी जागा जिल्ह्यात नाही.

परीक्षेच्या वाटेने मुली पुढे गेल्या याचं कारण उघड आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ती कुणाची मुलगी हे दिसत नाही. निवड जिथे कागदावर होते तिथे बाई पोचली आणि निवड जिथे कुणाच्या मर्जीवर असते तिथे रखडली. याच राज्यात पहिल्या महिला मुख्य सचिव व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं. सुजाता सौनिक त्या पदावर बसल्या तेव्हा राज्य स्थापन होऊन ६४ वर्षं झाली होती. प्रशासनात बायका परीक्षा देऊन कधीच्या आल्या होत्या. शेवटची पायरी मात्र निवडीची होती.

आता सरकारशी बोलण्याच्या व्यवसायाकडे या नजरेने बघा. इथे सगळा मामला मर्जीचा. भेट कुणाच्या ओळखीने मिळते, खरं बोलणं कुठे होतं? विश्रामगृहाच्या मागच्या खोलीत, लग्नाच्या मांडवात, रात्री हायवेवरच्या हॉटेलात. तिथे पुरुषाला कुणी विचारत नाही की तू इथे का आलास. बाई गेली तर तिच्या कामाची चर्चा होत नाही, तिची होते.

साधा प्रवास घ्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री मिरजेहून किंवा साताऱ्याहून निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. मंत्रालयात सामान्य अभ्यागताला प्रवेश दुपारनंतर. मधले सहा-सात तास? पुरुष कार्यकर्ता सरळ आमदार निवासात जातो, कुणाच्या तरी खोलीत अंघोळ करतो, तिथेच दोन ओळखी होतात, आज कुठल्या सचिवांचा मूड काय आहे ते कळतं. मुलगी स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड धुते आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहते. दुपारी ती आत पोचते तेव्हा टेबलापलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, “मॅडम, सोबत कोण आहे?” सोबत कुणी नसतं, फाइल असते. यात कुणी तिला मुद्दाम अडवलेलं नाही. व्यवस्थाच अशी लागली आहे की ती तीन पावलं मागून सुरू करते.

आणि तरीही याच दोन जिल्ह्यांत बायकांनी सरकारला कागदावर गाठलेलं आहे. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या अक्षरं शिकायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. या बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी हा प्रसंग जाहीरपणे सांगितला आहे: बायका म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही तसंच काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. माझ्या मते धोरणाच्या कामाचा यापेक्षा चांगला धडा कुठल्याही अभ्यासक्रमात नसेल. नियमाने काय मागितलं ते समजून घेतलं, त्यातलं पुरवता येण्यासारखं पुरवलं आणि नियमामागचं गृहीतक कसं चुकलं आहे ते पुराव्याने दाखवलं.

सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था आणि तिच्यातून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद नव्वदच्या दशकापासून एचआयव्हीच्या धोरणापासून अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यापर्यंत बोलत आली. कासेगावात इंदुताई पाटणकरांनी परित्यक्तांचा प्रश्न लावून धरला. यातल्या कुणालाही मंत्र्याच्या घरचा फोन नंबर हे भांडवल नव्हतं. अनुभव होता, नोंदी होत्या, चिकाटी होती. पण ही सगळी चळवळीची कामं. त्यांत आयुष्य घालणारी माणसं विरळाच असतात. सामान्य मुलीला पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून हे करता यायला हवं. त्यागावर आयुष्यभर किती जणी जगणार?

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाकाऊ नाही. सरकारशी बोलण्याचा धंदा म्हणजे शेवटी दलालीच ना? कंपन्यांसाठी नियम वाकवून घ्यायचे आणि त्याला इंग्रजी नाव द्यायचं. त्यात मुली गेल्या काय आणि न गेल्या काय, जनतेचं भलं कुठे झालं?

धंद्याची काळी बाजू मी नाकारत नाही. तंबाखूवाल्यांनाही धोरणतज्ज्ञ लागतात आणि त्यांना मिळतात. पण मांडणारा नसला म्हणून नियम व्हायचे थांबत नाहीत. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारलेले आपले कारखाने ऐन हंगामात उघडे पडले. आठवडाभरातच ती बंदी सैल करून मर्यादित साखर वळवायला परवानगी मिळाली. त्या आठवड्यात दिल्लीत कुणीतरी बोललं असणारच. साखरेला संघ आहे, दिल्लीत कचेरी आहे. हळद निवडणाऱ्या बाईला काय आहे? राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय निजामाबादला झालं. तिथे २०१९ च्या लोकसभेला पावणेदोनशेच्या आसपास शेतकऱ्यांनी स्वतःचे अर्ज भरले होते, म्हणजे त्यांनी ते मतपेटीच्या जोरावर मिळवलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इथल्या सौद्यांचा भाव देशभर बघितला जातो, पण आपण ना मतांचा तसा जोर लावला, ना कागदाचा.

दलालीवर उपाय आहे तो उजेडाचा. भारतात लॉबिंग, म्हणजे सरकारकडे कुणाची तरी बाजू लावून धरण्याचं काम, करणाऱ्यांची नोंद ठेवणारा कायदा नाही. अमेरिकेत आहे, तिथला सध्याचा कायदा १९९५ चा. गंमत अशी की २०१२ मध्ये वॉलमार्टने भारताच्या बाजारपेठेसाठी केलेल्या लॉबिंगचा खर्च आपल्या संसदेला कळला तो अमेरिकेतल्या नोंदींवरून. मोठा गदारोळ झाला, चौकशी झाली आणि नोंद ठेवायचा कायदा काही आला नाही. मंत्र्याला, सचिवाला कुठल्या विषयावर कोण भेटलं, कुठला कागद दिला, याची नोंद संकेतस्थळावर लागली तर रात्रीच्या हॉटेलातल्या बैठकीची किंमत घटेल आणि दुपारी फाइल घेऊन आलेल्या मुलीची वाढेल. पारदर्शकतेची मागणी आपण नेहमी भ्रष्टाचाराच्या संदर्भात करतो. मला ती महिलांच्या रोजगाराची मागणी वाटते. केंद्राने २०१४ मध्येच ठरवलं आहे की कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. ते पाळलं जातं तेव्हा जातं. पुढची मागणी अशी हवी की आलेल्या सूचनांपैकी कुठली का घेतली आणि कुठली का नाही हे लेखी सांगा. तसं झालं की चांगला मसुदा लिहिणारीला स्वतःच्या कामाचा पुरावा दाखवता येईल. आज तिच्या हातात पुरावा म्हणून फक्त फोटो उरतो, आणि त्यातही ती नसते.

शिकायच्या सोयी अगदीच नाहीत असं नाही. खासदारांबरोबर काम करायची पीआरएस या दिल्लीतल्या संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप आहे, मुंबईत आयआयटीत धोरण अभ्यासाचं केंद्र आहे. पण वयाच्या अटी बघा. एक पंचविशीपर्यंत, दुसरी २१ ते २६. आमच्याकडे हीच वर्षं स्थळं बघायची. बायोडाटात ‘सरकारी नोकरी’ लिहिता आलं तर घरात आनंद, ‘आयटी’ लिहिलं तरी चालतं. ‘पब्लिक पॉलिसी’ लिहिलं की मध्यस्थ काका विचारतात, एलआयसीची का? हसू येतं, पण त्या प्रश्नात घरच्यांची खरी अडचण आहे. या कामाला गावात चेहरा नाही, दाखवायला ऑफिस नाही, अमक्याची मुलगी तिथे आहे असं सांगता येत नाही. जी मुलगी २४ व्या वर्षी दिल्लीला गेली नाही, ती लग्न, मूल, सासूचं आजारपण यांतून ३२ व्या वर्षी मोकळी होते तेव्हा तिच्यासाठी कुठलीही फेलोशिप उघडी नसते. मानधन वाढवा असं सगळे म्हणतात. वयाची अट काढा असं म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

म्हणून मला दिल्ली-मुंबईपेक्षा जिल्ह्यातल्या संस्थांकडे बघावंसं वाटतं. साखर कारखाने, दूध संघ, बाजार समित्या, द्राक्ष बागायतदारांच्या संघटना, पतसंस्थांचे संघ. यांच्याकडे कायदा सल्लागार असतो तो खटल्यापुरता, जनसंपर्क अधिकारी असतो तो जाहिरातीपुरता. येणारे मसुदे वाचणारं, वेळेत हरकत लिहिणारं, विधिमंडळ अधिवेशनाआधी आमदाराच्या हाती तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) देणारं पगारी माणूस कुणाकडे आहे? आमदारांना सरकार स्वीय सहायक देतं, अभ्यास सहायक देत नाही. मग आमदाराचा अभ्यास होतो तो कार्यकर्त्यांच्या फोनवर. संचालक मंडळाचा एक अभ्यासदौरा रद्द केला तर त्या पैशात असं पद निदान वर्षभर सहज चालेल, आणि अभ्यासही होईल.

काही जण म्हणतील, पद काढलं की चेअरमनच्या पुतणीलाच लागेल. लागेल, शक्य आहे. म्हणून जाहिरात पेपरात द्यावी, लेखी परीक्षा घ्यावी आणि तिच्यात एकच प्रश्न असावा. एखादा खरा मसुदा द्यायचा, चार तास द्यायचे आणि हरकत लिहायला सांगायची. उत्तरपत्रिकेवर नाव नको, क्रमांक पुरे. अशी एक परीक्षा सांगलीच्या मार्केट यार्डात घ्या आणि तिला पुण्याहून परत आलेल्या मुली किती येतात ते मोजा. वयाची अट मात्र घालू नका.